पीएचडीसोबत कॉग्निटिव्ह सायन्सचं मायनर घ्यावं का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

भाषाशास्त्रात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. आमच्याकडे कॉग्निटिव्ह सायन्सचा (मन आणि आकलन कसं चालतं याचा अभ्यास) वेगळा विभाग नाही, पण पाच-सहा विभाग मिळून एक ग्रॅज्युएट मायनर, म्हणजे मुख्य विषयाला जोडून घ्यायचा दुय्यम विषय, चालवतात. एकूण चार कोर्स. त्यातला एक प्रोसेमिनार (ओळखीचा चर्चावर्ग) सक्तीचा, उरलेल्या तिनांपैकी दोन तरी आपल्या विभागाबाहेरचे हवेत. शिवाय थीसिसच्या कमिटीवर मायनरच्या बाजूने एक सभासद, आणि तोही बाहेरच्याच विभागाचा. फॉर्म या सत्राच्या शेवटापर्यंत भरायचाय. गाईडला विचारलं तर म्हणाले, "घ्यायचं तर घे, मला मात्र तिसरं प्रकरण वेळेवर हवं." याचा अर्थ हो की नाही, तुम्हीच सांगा.

माझा विषय आपला साधा 'ने'. 'त्याने पत्र लिहिलं' म्हणतो, पण 'मी पत्र लिहिलं', 'तू पत्र लिहिलंस'. तृतीय पुरुषात कर्त्याला 'ने' लागतो, प्रथम-द्वितीयात काहीच लागत नाही, आणि क्रियापद मात्र तिन्हीकडे पत्राच्याच मागे जातं. यावर व्याकरणाच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलंय. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. 'त्याने' कानावर पडताच ऐकणाऱ्याला पुढच्या क्रियापदाची चाहूल लागते का? 'मी' म्हटल्यावर 'लिहितो', 'लिहिलं', 'लिहीन' सगळंच शक्य असतं. 'त्याने' म्हटल्यावर 'लिहितो' बाद. मग 'लिहिलं' हा शब्द 'त्याने'नंतर जास्त भराभर वाचला जायला हवा ना? हे मोजायचं तर आमच्या विभागात तशी सोय नाही. वाक्य बरं वाटतं की खटकतं हे विचारायचं आणि खटकलं तर त्यावर तारा (*) मारायचा, एवढंच आम्ही करतो.

मागच्या आठवड्यात प्रोसेमिनारला नुसतीच जाऊन बसले. जेमतेम बारा जण, पण विभाग सहा. चर्चेला शेपर्ड आणि मेट्झलर यांचा १९७१चा प्रयोग होता. दहा-दहा घनांच्या आकृत्यांची दोन चित्रं शेजारी दाखवायची आणि विचारायचं, वस्तू एकच आहे का? दोघींमधला कोन वाढत जाईल तसा उत्तराला लागणारा वेळ वाढत जातो, आणि अगदी सरळ रेषेत. शून्य अंशाला सेकंदभर, १८० अंशाला चार-पाच सेकंद. मी मनात म्हटलं, कळलं, माणसं डोक्यात वस्तू फिरवून बघतात, चला पुढे.

पुढे कुठलं! तत्त्वज्ञानाचा एक जण म्हणाला, ही रेषा वेळेची आहे, डोक्यात चित्र असल्याचं यात कुठे लिहिलंय? कॉम्प्युटरवाला म्हणाला, मी नुसत्या आकड्यांची यादी घेऊन एकेका अंशाने फिरवणारा प्रोग्रॅम लिहितो, हुबेहूब हीच रेषा येईल आणि चित्र कुठेच नसेल. त्यावर मानसशास्त्राची मुलगी: "एकेका अंशाने का? तुझ्या प्रोग्रॅमला एका झटक्यात १८० फिरवता येतं की. ते 'एकेका अंशाने' तू हाताने घातलंस, कारण रेषा तुला आधीच माहीत होती." दोन तास एका आलेखावर गेले. 'रेप्रेझेंटेशन' (डोक्यात गोष्ट कुठल्या रूपात असते ते) हा शब्द इतक्या वेळा आला की मी वहीच्या समासात मोजायला लागले. किती वेळा आला ते नाही, किती अर्थांनी आला ते. चार अर्थ झाले आणि पान संपलं.

बाहेर आले तेव्हा डोकं भणभणत होतं, आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात इतकी मजा कुठल्याच तासाला आली नव्हती. पण मजा येते म्हणून चार कोर्स घ्यायचे का? भीती तीन आहेत. एक, ना घर का ना घाट का अशी गत होईल. दोन, माझं गणित दहावीनंतर सुटलंय. तीन, पुढे नोकरीच्या वेळी हे कोणी विचारतं का? अनुभवी लोकांनी लिहा. नुसतं 'मनाचं ऐका' नको, मनाचं ऐकूनच इथवर आलेय.

स्पष्टवक्ता

नका घेऊ. बायोडेटात एक ओळ वाढते, बाकी काही नाही.

जरा सविस्तर सांगतो, नाहीतर म्हणाल खडूस आहे. कॉग्निटिव्ह सायन्स नावाचं एक शास्त्र उभं राहील असं सत्तरच्या दशकात लोकांना मनापासून वाटत होतं. तसं झालं नाही. 'नेचर ह्युमन बिहेविअर'मध्ये २०१९ साली रफाएल नून्येस आणि सहकाऱ्यांनी याचाच हिशोब मांडलाय: या क्षेत्रातलं मुख्य नियतकालिक बघा, लिहिणारे कुठल्या विभागाचे ते बघा, कोण कोणाला उद्धृत करतं ते बघा. मानसशास्त्राने बाकीच्यांना जवळजवळ गिळलंय आणि मानववंशशास्त्र तर नावालाही उरलेलं नाही. सहा विषयांचा संगम म्हणतात खरं, पण पाणी एकाच नदीचं.

तुमचा प्रश्न 'ने'चा आहे ना? मग प्रयोग शिकवणारा एक कोर्स करा, संख्याशास्त्राचा एक करा आणि कामाला लागा. त्यासाठी मायनर कशाला? दोन तास एका आलेखावर भांडणं मलाही आवडतं, पण त्याचं तिसरं प्रकरण होत नाही.

खटपट्या

स्पष्टवक्ता यांच्याशी निम्मा सहमत. तो २०१९चा लेख मीही वाचलाय आणि त्यातली रड खरी आहे. पण 'एक शास्त्र झालं नाही' यावरून 'मायनर घेऊ नका' हे कसं निघतं? एक शास्त्र झालं असतं तर मायनरची गरजच नव्हती, सरळ त्याच्याच विभागात नाव घातलं असतं. विभाग वेगळे राहिले म्हणून तर दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायची सोय लागते.

माझी पीएचडी कॉम्प्युटर सायन्सची, मायनर हेच. पूर्ण होऊन आता काही वर्षं झाली. घेतलं तेव्हा कारण अगदीच फालतू होतं: प्रोसेमिनारची वेळ सोयीची होती. पहिले काही महिने तिथे जे ऐकलं ते ऐतिहासिक कथाकीर्तन वाटायचं. ११ सप्टेंबर १९५६ला एमआयटीत माहितीसिद्धांताची परिषद भरली होती, एकाच दिवशी न्यूएल आणि सायमन यांनी तर्कातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम मांडला आणि चॉम्स्कीने भाषेच्या वर्णनाची तीन मॉडेलं, आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी पुढे तोच दिवस या क्षेत्राचा जन्मदिवस मानला. मग १९७८च्या स्लोन फाउंडेशनच्या अहवालातला तो प्रसिद्ध षट्कोन: तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, मेंदूविज्ञान, कॉम्प्युटर, मानसशास्त्र. त्या आकृतीत काही रेषा ठळक आहेत आणि काही तुटक. ज्या दोन विषयांचं तेव्हा फारसं जमत नव्हतं त्यांच्यात तुटक. माझं लक्ष पहिल्यांदा जागं झालं ते त्या तुटक रेषांपाशी. जमत नाही हे चित्रातच कबूल करणारे लोक मला आवडतात.

पण मायनर माझ्या खऱ्या अर्थाने कामी आलं ते कमिटीतल्या त्या बाहेरच्या सभासदामुळे. माझ्या बाबतीत त्या मानसशास्त्राच्या होत्या. माझं काम असं: अक्षरांची एक माळ दाखवली की ती शब्द आहे की नाही हे माणूस कसं ओळखतो, त्याचं न्यूरल नेटवर्क. शंभरातले ९७ बरोबर यायचे. मी खुशीत. क्वालिफायिंगच्या तोंडी परीक्षेला माझ्या विभागातले तिघे जण ९७चे ९८ कसे करता येतील यावर बोलत होते. बाई अर्धा तास गप्प. मग म्हणाल्या, "उरलेले तीन कुठले?"

मला सांगता येईना. म्हणजे यादी फाईलमध्ये होती, पण मी ती कधी वाचलीच नव्हती. आमच्याकडे चूक हा नुसता एक आकडा असतो, तो कमी करायचा असतो. बाई म्हणाल्या, "माणसंही चुकतात. ती नेमकी कुठे चुकतात आणि तुझं मॉडेल तिथेच चुकतं का, एवढंच मला बघायचंय. माणसापेक्षा हुशार असेल तर मग हे मॉडेल कशाचं?"

घरी येऊन ती यादी काढली. 'पुस्कत' असं काही दाखवलं की माणूस क्षणभर अडखळतो, पुष्कळदा 'पुस्तक' समजून 'शब्द आहे'चं बटण दाबून मोकळा होतो. अक्षरं आहेत तीच, जागा बदलल्या, की डोळे फसतात. माझं मॉडेल 'पुस्कत'ला एका फटक्यात हाकलून द्यायचं आणि चुकायचं भलत्याच ठिकाणी, जिथे कुठलाही माणूस चुकणार नाही. दृष्टीवर काम करणारे डेव्हिड मार यांचे तीन स्तर सेमिनारला पाठ केले होते: काय काढायचंय, कुठल्या रीतीने काढतात, आणि ती रीत कशावर चालते. परीक्षेपुरतं घोकलं होतं. त्या रात्री कळलं की पहिल्या स्तरावर माझं बरोबर होतं आणि दुसऱ्यावर मी कधी पाहिलंच नव्हतं. उत्तर जुळलं म्हणून रीतही तीच, असं धरून चाललो होतो. दोन मुलांचं उत्तर सारखं आलं म्हणून एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असं होत नाही. आणि दोघांची *चूक* सारखी आली तर मात्र मास्तर दोघांनाही उभं करतात. बाई मला तेच सांगत होत्या.

म्हणून सल्ला एकच: कोर्सची यादी नंतर बघा, आधी तो माणूस शोधा. फॉर्मवर ज्याचं नाव घालणार त्याच्याकडे अर्धा तास जाऊन बसा, तुमची 'ने'ची दोन वाक्यं दाखवा आणि तो काय विचारतो ते बघा. 'छान आहे, करा' म्हणाला तर दुसरा शोधा.

गणिताचं. तुम्हाला लागेल ते फार नाही आणि ते तुमच्याच प्रश्नातून येईल. वाचताना एखादा शब्द किती अनपेक्षित आहे त्यावर वेळ ठरतो, अशी एक चांगली तपासलेली कल्पना आहे, तिला सरप्रायझल म्हणतात. पुढचा शब्द हाच असण्याची शक्यता निम्मी असेल तर एक बिट, आठात एक असेल तर तीन बिट. लॉगरिदम तेवढं आठवा, झालं. 'मी पत्र' नंतर 'लिहिलं' किती बिटांचं आणि 'त्याने पत्र' नंतर किती, हे भाषेच्या मॉडेलमधून (पुढच्या शब्दाची शक्यता सांगणारा प्रोग्रॅम) काढायचं आणि माणसांच्या वेळेशी ताडून बघायचं. तुम्ही जे 'चाहूल' म्हणताय त्याचा हा आकडा. कॉम्प्युटरचा एक कोर्स एवढ्यासाठी वसूल आहे.

नोकरी: मुलाखतीत मायनर कोणी विचारलं नाही. 'पुस्कत'बद्दल मात्र सगळ्यांनी विचारलं.

आता एक लाजिरवाणी गोष्ट, पुढच्यास ठेच. बाईंच्या सांगण्यावरून प्रयोग घ्यायचा ठरवला. एथिक्स कमिटीची परवानगी येईपर्यंत एक अख्खं सत्र गेलं (फॉर्म भरण्याआधी हे वेळापत्रकात धरा, तुमच्या गाईडच्या तिसऱ्या प्रकरणासकट). शब्दांच्या दोन याद्या होत्या. अर्ध्या लोकांना पहिली यादी, त्यात 'पुस्कत'. अर्ध्यांना दुसरी, त्यात त्या जागी अक्षरंच बदललेलं काहीतरी. एकाच माणसाला दोन्ही दाखवायचं नाही, नाहीतर तो सावध होतो. माझा प्रोग्रॅम सहभागी क्रमांक बघून यादी निवडायचा. तपासताना मी तिथे हाताने शून्य लिहिला होता. तो काढायचा राहिला. चोवीस जण आले, चोविसांनी शांतपणे बटणं दाबली, चोविसांना एकच यादी. तक्ता काढला तर डावीकडचे सगळे रकाने भरलेले आणि उजवीकडचे रिकामे. आमच्या विभागात मी प्रोग्रॅमिंग शिकवायचो तेव्हा. बाईंना सांगायला गेलो तर त्या हसल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "आता तू आमच्यातला झालास."

स्पष्टवक्ता

'उरलेले तीन कुठले' हे आवडलं. पण असं विचारणारी बाई भेटणं हा नशिबाचा भाग, मायनरचा नव्हे. अनेक ठिकाणी बाहेरचा सभासद येतो, सही करतो, जातो.

खटपट्या

मान्य. म्हणूनच म्हटलं, आधी माणूस शोधा.

पाणिनीची शेजारीण

मी वाक्यवाचनावरच काम करते, त्यामुळे मायनरचं बाजूला ठेवून आधी 'ने'कडे वळते. राहवत नाही!

अर्धविराम, 'त्याने म्हटल्यावर लिहितो बाद' इथवर ठीक. पण पुढे 'लिहिलं'च येणार असं तुम्ही धरलंय, तसं नाही. 'त्याने पत्र लिहावं', 'त्याने पत्र लिहायला हवं' ही वाक्यं तुमच्या कानावरून नुसतीच जातायत. आणि 'त्याने' म्हणजे दर वेळी तो माणूस तरी कुठे असतो? 'त्याने काय होणार?', 'त्याने काही फरक पडत नाही'. इथे 'त्याने' म्हणजे 'त्यामुळे'. वाक्याच्या तोंडाशी 'त्याने' आलं की वाचणाऱ्यापुढे निदान तीन वाटा असतात. सर्वनाम टाळा, 'शेजारच्या मुलाने' घ्या, एक वाट तरी बंद होईल.

उलट बाजूही आहे. सकर्मक भूतकाळ असून 'ने' नाही अशी क्रियापदं आपल्याकडे आहेतच: 'ती कविता शिकली', 'तो नाव विसरला', 'मुलगा पाणी प्यायला'. ही चुकून यादीत शिरली तर तुमची तुलना बिघडेल. किंवा, आणि मी असते तर हेच केलं असतं, ती मुद्दाम आणा. 'मुलगा पाणी' इथपर्यंत वाचणाऱ्याला काय वाटतं आणि 'प्यायला' आल्यावर तो दचकतो का? माझ्या मते 'मी' आणि 'त्याने' यांच्या तुलनेपेक्षा हे जास्त स्वच्छ आहे, कारण 'मी' एका अक्षराचा आणि 'त्याने' दोन अक्षरांचा, शिवाय पुरुषही बदलतो. फरक आला तर तो कशामुळे आला हे सांगता येणार नाही.

प्रयोगाची पद्धत बहुधा ठाऊक असेल, तरी लिहिते. पडद्यावर अख्खं वाक्य फक्त आडव्या रेघांचं दिसतं. स्पेसबार दाबला की पहिला शब्द उघडतो, पुन्हा दाबला की तो झाकला जाऊन दुसरा उघडतो. दोन दाबांमधला वेळ म्हणजे त्या शब्दाचा वेळ. ऐकायला सोपं आहे, पण यात तीन खाचा आहेत. पहिली, माणूस अडखळतो त्या शब्दावर वेळ वाढेलच असं नाही. बोट ठेक्यात असतं, त्यामुळे धक्का पुढच्या शब्दावर सांडतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणजे सांडायला पुढे जागाच नाही! शिवाय शेवटच्या शब्दावर सगळेच जरा रेंगाळतात. म्हणून वाक्य 'लिहिलं'वर संपवू नका, 'लिहिलं असं आई म्हणाली' असं काहीतरी जोडा. दुसरी, नेहमीचा पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. तुम्ही वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक शोधत असाल तर एकेका माणसाच्या एकेका शब्दाकडे बघून काही कळणार नाही, पुष्कळ मोजावं लागतं. तिसरी खाच संख्याशास्त्राची. चोवीस माणसं निवडलीत तशी चोवीस वाक्यंही निवडलीत. निकाल नवीन माणसांना लागू पडतो एवढं दाखवून भागत नाही, नवीन वाक्यांनाही लागू पडतो हे दाखवावं लागतं. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ साली यावरून भाषेचे प्रयोग करणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली होती. संख्याशास्त्राचा कोर्स निवडताना विचारा, मिश्र-परिणामांची मॉडेलं (माणसामाणसांतला आणि वाक्यावाक्यांतला फरक एकदम हिशोबात धरणारी) शिकवता का? 'हो' म्हणाले तर तोच घ्या.

आता मायनर. वरची सगळी फुकट सल्लामसलत मला जिथे मिळाली ती जागा म्हणजे हे असंच एक मायनर. भाषाशास्त्रात मी 'हे वाक्य मला बरं वाटतं' एवढ्यावर दोन शोधनिबंध लिहिले होते. चुकीचं नव्हे ते. व्याकरणाच्या पुष्कळ गोष्टी खरोखर तेवढ्यावर कळतात, आणि मानसशास्त्रवाल्यांनी नाकं मुरडायचं काही कारण नाही. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून बघितले तेव्हा मुळात ९७ टक्क्यांत ठळक निकाल होता, पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच आला. बोधाशी संबंधित प्रयोग त्यातल्या त्यात बरे निघाले, तरी निम्मेच. तेव्हा मोजलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, आणि हे मला त्यांच्याच सेमिनारमध्ये बसून, त्यांच्याच तोंडून कळलं. आमच्या लोकांनी असं आमच्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं.

वाटसरू

इथे मानववंशशास्त्राचं कोणी आहे का म्हणून बघत होतो. नाही. षट्कोनाला शोभेसंच आहे!

मी आहे. स्पष्टवक्ता म्हणतात ते खरं, आम्ही नावालाच उरलोय. पण एवढंच सांगतो. एडविन हचिन्स यांनी जहाजावर राहून बघितलं की जहाज कुठे आहे हे नक्की कुणाला माहीत असतं. उत्तर: एकट्याला कुणालाच नाही. एक जण दुर्बिणीतून कोन वाचतो, दुसरा टेलिफोनवर ऐकून लिहितो, तिसरा नकाशावर रेघ ओढतो. आकलन त्या साखळीत असतं. तुमची चोवीस माणसं एकेकटी खोलीत बसून रेघा उघडणार. ठीक आहे, तसंच करावं लागतं. पण 'त्याने' ऐकणारा माणूस खऱ्या आयुष्यात एकटा नसतो, समोरच्याचा चेहरा बघत असतो, आणि 'त्याने' म्हणजे कोण हे आधीच्या बोलण्यातून त्याला माहीत असतं. चार कोर्सांपैकी एक असा निवडा जो तुमच्या प्रयोगाच्या खोलीचं दार उघडेल. आमच्या विभागात या म्हणत नाही. (म्हणतोय.)

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला उत्तर द्यायला, कारण मधल्या काळात पळापळ झाली.

आधी सर्वात वाईट बातमी: 'त्याने काय होणार'. हे वाचलं आणि लॅपटॉप मिटून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. 'ने'वर दीड वर्ष घालवलंय, आणि हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलते. गाईडना दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हं." त्यांचा हा 'हं' मला अजून लावता आलेला नाही.

खटपट्या यांचं ऐकून तीन जणांना भेटले. पहिले म्हणाले, छान विषय आहे, करा. नमस्कार करून निघाले. दुसऱ्यांनी स्वतःच्या विषयावर चाळीस मिनिटं सांगितलं, तेही रंजक होतं. तिसऱ्या मानसशास्त्रातल्या. माझी वाक्यांची यादी त्यांनी हातात घेतली आणि मराठी अजिबात येत नसताना विचारलं, "ही सगळी वाक्यं पत्रं आणि पुस्तकं यांबद्दलच का आहेत?" मी म्हटलं, उदाहरणं म्हणून. म्हणाल्या, "तिसऱ्या वाक्यानंतर वाचणाऱ्याला कळेल की शेवटी 'लिहिलं' नाहीतर 'वाचलं' येणार. मग चाहूल 'ने'ची लागली की तुझी?"

फॉर्मवर त्यांचं नाव घातलंय. सही झाली.

कोर्स असे ठरलेत: प्रोसेमिनार, संख्याशास्त्र (विचारलं, मिश्र-परिणाम शिकवतात), कॉम्प्युटरवाल्यांचा भाषेच्या मॉडेलांचा. चौथा अजून मोकळा आहे, वाटसरू, बघते. स्पष्टवक्ता, तुमचंही पटलंय अर्धं: मायनर नसतं तरी यातले दोन केलेच असते. तिसऱ्या बाईंकडे मात्र फॉर्म हातात नसता तर गेले नसते, मला ओळखते मी.

सध्या 'शिकली', 'विसरला', 'प्यायला' यांच्यासारखी क्रियापदं गोळा करतेय. दहाच्या पुढे जात नाहीये यादी. कुणाला आठवली तर लिहा. आणि खटपट्या, एक शंका: याद्या वाटायला सहभागी क्रमांक सम असेल तर पहिली, विषम असेल तर दुसरी, एवढं पुरे ना?

पाणिनीची शेजारीण

'समजला', 'चुकला' ('तो रस्ता चुकला'), 'मुकला' नको, तो 'ला' घेऊन येतो. 'जेवली' बघा, कर्म घेऊन येतं कधी कधी. 'बोलला' दोन्हीकडे नाचतं: 'तो खोटं बोलला' चालतं, 'त्याने नवस बोलला'ही ऐकलंय. यादीतून काढा किंवा त्याच्यावर वेगळं प्रकरण लिहा.

खटपट्या

सम-विषम पुरे. पण पहिले चार जण झाले की थांबा आणि फाईल उघडून बघा. मी चोविसाव्यानंतर उघडली होती.